नाव एक, गावे तीन : ग्रंथनोंदींच्या रूपांतरातील नामविश्वांचा प्रश्न



गोव्यात केरी नावाची तीन गावे आहेत. एक पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून. दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या बाजूला. तिसरे फोंडा तालुक्यात, जेथे श्रीविजयादुर्गेचे देवस्थान आहे. पेडण्यातील केरीचा माणूस घरात बोलताना नुसते ‘केरी’ म्हणतो आणि ऐकणाराची कधी चूक होत नाही. तेच नाव तालुक्याची हद्द ओलांडून टपालात पडले, की मात्र त्याच्यापुढे तालुक्याचे नाव लिहावे लागते. तालिकाकाराला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्थलनामाचे विषयशीर्षक करताना तो नुसते ‘केरी’ लिहून थांबत नाही. ‘केरी (पेडणे, गोवा)’ असे लिहितो. कंसातल्या त्या दोन शब्दांनी एका गावाचे पुस्तक दुसऱ्या गावाच्या माथी मारले जाण्याचे टळते.

संगणकाच्या जगात ग्रंथनोंदी एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना जो प्रश्न वारंवार उभा राहतो, तो नेमका या कंसातल्या शब्दांचा आहे. त्या जगात त्याला ‘नेमस्पेस’ म्हणतात. मराठीत ‘नामविश्व’ हा शब्द त्यासाठी रूढ होऊ लागला आहे. विषय तांत्रिक खरा, पण तो केवळ संगणकाच्या खोलीत बसणाऱ्यांवर सोपवून मोकळे व्हावे असा नाही. कारण नामविश्व चुकले म्हणजे पुस्तक कपाटात असूनही जगाच्या दृष्टीने नाहीसे होते, आणि तसे झाल्याचे कोणी सांगतही नाही.

जुन्या तालिकापत्रावर शब्दांचा अर्थ त्यांच्या जागेवरून ठरत असे. वरच्या ओळीत लेखक, त्याखाली किंचित आत सरकून ग्रंथनाम, मग प्रकाशनस्थळ आणि वर्ष. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ हा नोंदींचा यंत्रवाचनीय आराखडा तयार झाला आणि जागेऐवजी आकडे आले. २४५ म्हणजे ग्रंथनाम, १०० म्हणजे व्यक्ती-लेखक, ६५१ म्हणजे स्थलवाचक विषय. आकड्यांची ही भाषा रूक्ष असली तरी तिच्यात घोटाळा नव्हता, कारण ती एकाच घराण्याची भाषा होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएलचे पहिले प्रमाण सिद्ध झाले आणि त्यानंतर कोणालाही आपल्या नोंदीतल्या घटकांना हवी ती नावे देण्याची मुभा मिळाली. नाव द्यायला सर्वांना आवडते. एकाने ‘शीर्षक’ म्हणून पुस्तकाचे नाव लिहिले, दुसऱ्याने त्याच शब्दाने व्यक्तीची पदवी दाखविली. मराठीत तर ‘अंक’ हा एकच शब्द नियतकालिकाच्या संदर्भात एक अर्थ देतो, नाटकाच्या संदर्भात दुसरा आणि गणितात तिसरा. नाटकवेड्या गोमंतकातल्या ग्रंथालयात हे तिन्ही ‘अंक’ एकाच दालनात नांदत असतात. माणूस संदर्भावरून अर्थ ओळखतो. यंत्राला संदर्भ नसतो. त्याला तो लिहून द्यावा लागतो.

तो लिहून देण्याची रीत जानेवारी १९९९ मध्ये ठरली. प्रत्येक नामविश्वाला एक ओळखवाक्य असते. ते बहुधा संकेतस्थळाच्या पत्त्यासारखे दिसते, पण तो पत्ता कोणी उघडून पाहावा अशी अपेक्षा नसते आणि यंत्र तर तो कधीच उघडत नाही. ती केवळ खूण असते. ओळखवाक्य लांबलचक असल्यामुळे दस्तऐवजाच्या आरंभी त्याला एक छोटा उपसर्ग जोडतात आणि पुढे घटकाच्या नावाआधी तो उपसर्ग लावतात. येथे नवशिक्याचा एक समज पक्का होतो, की उपसर्ग हीच ओळख. तसे नाही. पोर्तुगीज दप्तरात पेडण्याचे ‘पेर्नेम’ झाले आणि डिचोलीचे ‘बिचोलिम’. त्याहून जुन्या काळी डिचोलीचा प्रदेश भतग्राम म्हणून ओळखला जाई. नावे बदलली म्हणून नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ जागचे हलले नाही. उपसर्गाचेही असेच आहे. एका नोंदीत तो ‘मार्क’ असेल, दुसरीत नुसते ‘म’ असेल, तिसरीत मुळीच नसेल. ओळखवाक्य एकच असेल तर तिन्ही नोंदी एकाच घराण्याच्या. (उपसर्ग देवनागरीत लिहिण्यासही एक्सएमएलच्या नियमांची आडकाठी नाही, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. रोमन लिपीवाचून यंत्राचे पान हलत नाही, असे मानणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.)

याउलट ओळखवाक्यात एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी घराणे निराळे. यंत्र दोन ओळखवाक्यांची तुलना अक्षरास अक्षर लावून करते. शेवटची तिरपी रेघ गाळली, मोठ्या लिपीतले रोमन अक्षर छोटे केले, किंवा आजच्या सुरक्षित पत्त्यांच्या सवयीने आरंभी ‘एस’ हे एक अक्षर जास्त घातले, की संबंध तुटला. शेवटची चूक तर सद्भावनेने होते. जुना पत्ता पाहून कोणी कर्तव्यदक्ष माणूस तो ‘सुधारतो’, आणि हजारो नोंदी परक्या होतात.

आता रूपांतराकडे वळू. नोव्हेंबर १९९९ मध्ये एक्सएसएलटी ही रूपांतराची भाषा प्रमाण झाली. तीत लिहिलेल्या स्टाइलशीटचे काम एका वाक्यात सांगता येते : अमुक घटक दिसला की त्याच्या जागी तमुक लिही. मार्क नोंदीपासून डब्लिन कोअरची पंधरा कलमी नोंद करणे, किंवा तीच नोंद वाचकाला पडद्यावर नीट मांडून दाखविणे, ही सारी कामे स्टाइलशीट करते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि २००० सालच्या आरंभी प्रथम वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली भारतात अनेक ठिकाणी वापरली जाते. तीत पुस्तकाची माहिती वाचकापुढे येते ती अशाच स्टाइलशीटमधून. म्हणजे ज्याला आपल्या ग्रंथालयाचे पडद्यावरचे पान मराठीत आणायचे आहे, त्याला आज ना उद्या या भाषेशी गाठ घालावीच लागते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ साली मार्क नोंद एक्सएमएलमध्ये लिहिण्याचा आराखडा दिला. त्याच्या ओळखवाक्याच्या अखेरीस ‘मार्क२१’ आणि ‘स्लिम’ ही अक्षरे येतात. या आराखड्यातल्या नोंदी पुष्कळदा उपसर्गाशिवाय लिहिलेल्या असतात. दस्तऐवजाच्या माथ्यावर एकदा ओळखवाक्य सांगितले, की आतले सारे घटक त्या घराण्याचे धरले जातात. याला गृहीत नामविश्व म्हणावे. पेडण्याच्या केरीतल्या घरात नुसते ‘केरी’ म्हटलेले चालते, तसाच हा प्रकार. स्टाइलशीट लिहिणारा नोंद उघडून पाहतो, त्याला ‘रेकॉर्ड’ असा नुसता घटक दिसतो आणि तोही आपल्या स्टाइलशीटमध्ये नुसते ‘रेकॉर्ड’ लिहितो. येथेच घात होतो. या भाषेच्या पहिल्या आवृत्तीत उपसर्ग नसलेल्या नावाचा अर्थ ‘कोणत्याही घराण्याचा नसलेला घटक’ असा आहे. नोंदीच्या माथ्यावरचे गृहीत नामविश्व स्टाइलशीटला लागू होत नाही. स्टाइलशीट हा दुसऱ्या तालुक्यातला टपालवाला आहे. इतकेच काय, स्टाइलशीटच्या स्वतःच्या माथ्यावर तेच गृहीत नामविश्व लिहून ठेवले, तरी शोधाच्या नावांना ते लागत नाही. उपाय साधा आहे. स्टाइलशीटमध्ये त्याच ओळखवाक्याला एक उपसर्ग द्यावा आणि शोधताना प्रत्येक घटकाआधी तो लावावा. नोंदीत उपसर्ग नसला तरी स्टाइलशीटमध्ये तो हवा, हे प्रथम विचित्र वाटते. केरीचे उदाहरण लक्षात ठेवले तर वाटत नाही. २००७ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शोधाच्या नावांसाठी गृहीत नामविश्व एकदाच सांगण्याची सोय झाली, पण फुकट मिळणारी आणि सर्वत्र आढळणारी अनेक साधने पहिल्या आवृत्तीवरच थांबली आहेत. तेव्हा पहिली रीत शिकणेच बरे.

चूक झाली तर काय होते, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. यंत्र थांबत नाही. तांबड्या अक्षरांत सूचना येत नाही. कधी वर ‘ग्रंथसूची’ हे मथळ्याचे शब्द नीट उमटतात आणि खाली कोरे पान राहते. कधी ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या असे सारे शब्द एकाला एक चिकटून एका लांब ओळीत बाहेर पडतात, कारण जुळणारा नियम सापडला नाही तर आतला मजकूर जसाच्या तसा सांडून द्यावा, असा या भाषेचा अंगभूत नियम आहे. हा दुसरा प्रकार कुरूप असला तरी उपकारक. तो निदान डोळ्यांना खुपतो. पहिला गप्प असतो. आणि हा गप्पपणा निष्काळजीपणाने आलेला नाही. प्रत्येक पुस्तकाला उपशीर्षक नसते, प्रत्येकाला संपादक नसतो. न सापडलेल्या घटकासाठी यंत्राने दर वेळी ओरड केली असती तर काम करणे अशक्य झाले असते. म्हणून ‘सापडले नाही’ हे या भाषेत वैध उत्तर आहे. पुस्तकाला खरोखरच शीर्षक नाही की आपण चुकीच्या दारावर हाक मारली, यांतला भेद यंत्राला कळत नाही. तो ग्रंथपालाला कळायला हवा.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकाचे पुस्तक एका यादीतून गळाले, तर ते इतर दहा याद्यांत सापडते. पेडणे किंवा डिचोलीसारख्या तालुक्यातल्या ग्रंथालयांची खरी श्रीमंती मात्र निराळ्या कागदांत असते. एखाद्या शाळेची स्मरणिका, पेडण्याच्या पुनवेवर वा शिरगावच्या लईराईच्या जत्रेवर कोणी हौसेने छापलेली पुस्तिका, हौशी नाटकमंडळीचे हस्तपत्रक. यांच्या प्रती थोड्या निघतात आणि गावाबाहेर सहसा जात नाहीत. अशा पुस्तिकेची नोंद जगात एकाच ठिकाणी असू शकते. ती नोंद मोठ्या सामायिक सूचीत जाताना कोरी झाली, तर दूरच्या अभ्यासकापुरती ती पुस्तिका छापलीच गेली नाही असे होते. १८३२ साली स्थापन झालेल्या आणि आज कृष्णदास शामा यांचे नाव धारण करणाऱ्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून ते खेड्यातल्या एका खोलीच्या वाचनालयापर्यंत गोव्यातल्या ग्रंथसंग्रहांची परंपरा लांब आहे. त्यातली छोटी टोके अशा वेळी सर्वांत आधी तुटतात.

सामायिक सूची कशी भरते, तेही थोडे पाहिले पाहिजे. एका भांडारातल्या नोंदी दुसऱ्याने ठरावीक पद्धतीने गोळा करण्याचा एक करार आहे. त्याचे २००२ साली आलेले दुसरे रूप जगभर स्वीकारले गेले. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शोधनिबंधांचे भांडार ज्या डीस्पेस प्रणालीवर उभे राहिले, तिच्यातही या कराराची सोय आहे. या करारानुसार येणाऱ्या उत्तरात प्रत्येक नोंद एका पाकिटात घातलेली असते. त्या पाकिटाच्या घटकाचे नाव ‘रेकॉर्ड’. पाकिटाच्या आत मार्क नोंद असली, तर तिच्याही घटकाचे नाव ‘रेकॉर्ड’. पाकिटावर एक ‘आयडेंटिफायर’ असतो, तो पाकिटाचा क्रमांक. आत डब्लिन कोअरची नोंद असली तर तिच्यातही ‘आयडेंटिफायर’ असतो, तो पुस्तकाचा. दोन केरी एकाच पानावर आल्या आणि दोघींच्याही पुढे तालुका लिहिलेला नाही, अशी ही अवस्था.

या ठिकाणी घाईच्या माणसाला एक आडवाट दिसते. घटकाचे घराणे न पाहता केवळ त्याचे स्थानिक नाव पाहा, असे यंत्राला सांगता येते. ही युक्ती एकदा कळली की नामविश्वांची कटकट मिटल्यासारखी वाटते, आणि म्हणूनच ती फार लोकप्रिय आहे. तिचा परिणाम असा, की शंभर नोंदींची गणती दोनशे भरते, आणि पुस्तकाच्या क्रमांकाच्या जागी पाकिटाचा क्रमांक छापला जातो. कोरे पान निदान कधीतरी लक्षात येते. असा खोटा भरलेला रकाना वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. आलेल्या नोंदींचा मासला पाहण्यापुरती ही युक्ती वापरावी. कायमच्या स्टाइलशीटमध्ये तिला थारा देऊ नये.

तिचा मोह पडण्याचे एक खरे कारण मात्र मान्य करायला हवे. काही प्रणाली मार्क नोंदी योग्य ओळखवाक्यासह देतात, काही तेच घटक ओळखवाक्याशिवाय उघडे देतात, आणि दोन्ही ढीग एकाच टेबलावर येतात. एका ढिगासाठी लिहिलेली स्टाइलशीट दुसऱ्यापुढे मुकी होते. अशा वेळी शोधाची नावे सैल करण्यापेक्षा नोंदी सरळ करणे श्रेयस्कर. मुख्य रूपांतराच्या आधी एक छोटी स्टाइलशीट चालवावी : जो घटक कोणत्याच घराण्याचा नाही, त्याला त्याच नावाने मार्कच्या घराण्यात लिहावे, जो आधीच त्या घराण्यात आहे त्याची जशीच्या तशी नक्कल करावी. पंधरा-वीस ओळींचे काम आहे. त्यानंतर पुढची सारी स्टाइलशीट एकाच शिस्तीने लिहिता येते.

नामविश्वांचा धडा नुकताच शिकलेला माणूस उलट्या बाजूनेही चुकतो. घटकांना उपसर्ग लावल्यावर तो उत्साहाने त्यांच्या गुणधर्मांनाही उपसर्ग लावतो. मार्कच्या एक्सएमएल नोंदीत २४५ हा आकडा घटकाच्या नावात नसून त्याच्या ‘टॅग’ या गुणधर्मात असतो, आणि गृहीत नामविश्व गुणधर्मांना कधीच लागू होत नाही. याचेही उत्तर गावातच आहे. देऊळवाडा गोव्यात अनेक गावांत सापडतो, पण एकदा गाव सांगितले की वाड्याला वेगळा तालुका सांगावा लागत नाही. वाडा गावाच्या आधारानेच ओळखला जातो. गुणधर्म हा घटकाचा वाडा आहे. तो उघड्या नावानेच शोधावा.

रूपांतरातून बाहेर पडणाऱ्या नोंदीच्या माथ्यावर कधी नको असलेली ओळखवाक्ये रेंगाळताना दिसतात. स्टाइलशीटच्या माथ्यावर जी जी लिहिलेली असतात, त्यांतली पुष्कळशी फळाबरोबर देठ यावे तशी येतात. ती वगळण्याची आज्ञा भाषेत आहे. पण ती राहिली तरी अर्थ बिघडत नाही, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नये.

मराठी नोंदींपुरती आणखी एक गोष्ट येथे जोडली पाहिजे, कारण तीही अशीच गप्पपणे हरवते. गोव्याचा ग्रंथव्यवहार एकाहून अधिक लिप्यांत झाला आहे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली प्रथम छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीत ते छापील रूपाने यायला विसावे शतक उजाडावे लागले. मार्कच्या पद्धतीत एका नोंदीची दोन लिप्यांतली रूपे एकत्र ठेवता येतात : रोमन रूप २४५ मध्ये, देवनागरी रूप ८८० या स्वतंत्र क्षेत्रात, आणि त्या दोहोंना जोडणारा दुवा ‘६’ या उपक्षेत्रात. स्टाइलशीटने ८८० कडे पाहिलेच नाही, तर मराठी ग्रंथाचे मराठी नाव वाचकापर्यंत पोहोचत नाही. नामविश्व बरोबर लावल्यानंतरही हे होऊ शकते, म्हणून ते निराळे तपासावे.

तपासणीसाठी फार साधने लागत नाहीत. कोणतीही नवी स्टाइलशीट हजारो नोंदींवर सोडण्यापूर्वी चार-पाच नोंदींचा एक छोटा संच हाताशी ठेवावा. त्यात एक नोंद उपसर्गासह, एक गृहीत नामविश्वाची, एक मुळीच ओळखवाक्य नसलेली, एक करारातल्या पाकिटासह आणि एक ८८० असलेली असावी. मग रूपांतरापूर्वी मार्क नोंदी किती, रूपांतरानंतर किती, हे मोजावे. पाकिटांची गणती त्यात मिसळू देऊ नये. नंतर शीर्षक रिकामे असलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि त्यांच्यासाठी स्टाइलशीटलाच बोलायला शिकवावे : शीर्षक सापडले नाही तर नोंदीचा क्रमांक संदेश म्हणून बाहेर टाक, अशी सूचना भाषेत देता येते. त्या क्रमांकांची यादी घेऊन कपाटापाशी जावे. पुस्तक हातात घेतल्यावर त्याच्या मुखपृष्ठावर शीर्षक छापलेले दिसले, तर दोष नोंदीत आहे की स्टाइलशीटमध्ये, हे मूळ नोंद उघडून तिच्या माथ्यावरची पहिली ओळ वाचली की कळते.